वाचून कायम

धर्मा रामा आंबी वारले त्याला नऊ वर्षं झाली होती. तरी ऑगस्टमधल्या एका मंगळवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, सरकारनं त्यांना कामावर बोलावलं.

'श्री. धर्मा रामा आंबी, पट्टीचे पोहणारे, क्रमांक १. होडी क्रमांक ४ घेऊन तात्काळ कुरण वस्तीकडे निघावे. आपल्या वाट्याची माणसे १६. विलंब करू नये.'

ज्या नंबरवर हा मेसेज गेला तो फोन आता धर्माच्या मुलाच्या, पिराजीच्या खिशात असायचा. आणि मेसेज गेल्याची नोंद ज्या पडद्यावर उमटली, त्या पडद्यासमोर धर्माची मुलगी बसली होती. वैजयंता आंबी, सोनघाट नगरपरिषदेच्या आपत्ती कक्षातली लिपिक. वडिलांच्या नावापुढे आधी 'पोहोचला' आलं, मग 'वाचला' आलं. म्हणजे पिराजीनं मेसेज उघडला होता. तिनं चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

हे असं का झालं ते सांगायला हवं, आणि डोकं शांत ठेवून ते सांगता येत नाही. तेवढं वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

तीन वर्षांपूर्वी राज्यानं 'त्राता' नावाची यंत्रणा आणली. नदीच्या तळाशी दर दोन किलोमीटरवर पाण्याचा दाब मोजणारी उपकरणं बसली. ढगांआडूनही जमीन पाहणारे रडार-उपग्रह तासातासाला पाण्याची कड टिपू लागले. धरणातून किती पाणी सुटलं, कुठल्या खोऱ्यात पुढच्या सहा तासांत किती पडणार, सगळं त्यात जायचं. शिवाय प्रत्येक गावाची एक प्रतिकृती संगणकात उभी होती. त्यात घराघराच्या जोत्याची उंची होती, रस्त्याचे उतार होते, पुलांच्या कमानी होत्या. त्राता त्या प्रतिकृतीत मिनिटाला हजार पूर सोडून बघायचा, कुठल्या पुरात कोणतं घर किती वाजता बुडतं ते ताडायचा, आणि खऱ्या नदीचं पुढचं पाऊल आधीच सांगायचा. चुकला तर वीतभर चुकायचा. यंत्र गुणी होतं, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. कक्षातली मंडळी लाडानं त्याला तात्या म्हणायची.

पण पूर ओळखणं हे निम्मं काम झालं. जिल्ह्यात बचाव पथकं सहा आणि पाण्यात गावं चाळीस, मग आधी कुठं जायचं? पूर्वी ज्याच्या आमदाराचा फोन आधी वाजेल तिकडे पथक जायचं. तात्यानं ती भानगडच संपवली. तो तूट काढायचा. एका घरी जेवणारे तेरा आणि भाकऱ्या दहा, तर तूट तीन. शेजारी जेवणारे तेरा आणि भाकऱ्या तेरा, तर तूट शून्य, तिथं भाकरी पाठवायची नाही. ज्या गावाची तूट मोठी तिथं पथक आधी.

यात जेवणारे किती ते तात्या स्वतः मोजायचा. भाकऱ्या मात्र गाव सांगेल तेवढ्या धरायचा. गावात होड्या किती, पोहणारे किती, हे त्याला उपग्रहातून कसं कळणार? ते तो गावाच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यातून घ्यायचा. आराखडा म्हणजे सर्वसाधारण सभेनं ठराव करून मंजूर केलेला, सही-शिक्क्याचा कागद. त्याच्यावर विश्वास ठेवू नये असं त्या बिचाऱ्या यंत्राला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि आराखडा कसा व्हायचा? मे महिन्यात मागच्या वर्षीची फाइल उघडायची, मुखपृष्ठावरचं साल बदलायचं, की झाला. सोनघाट समुद्रापासून दोनशे किलोमीटर आत, तरी आराखड्यात मच्छीमारांनी खोल समुद्रात जाऊ नये अशी सूचना होती, कारण मूळ मसुदा कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या गावाचा होता. सभेपुढे तो विषय क्रमांक सात म्हणून यायचा, 'आराखडा वाचून कायम करणे'. सभागृहात कुणी तरी पेंगुळलेल्या आवाजात म्हणायचं, "वाचून कायम." बाकीचे बाकं वाजवायचे. एकही पान वाचलेलं नसायचं आणि सगळं कायम व्हायचं.

त्यात पट्टीच्या पोहणाऱ्यांची यादी होती. तेवीस नावं. त्यातले सहा वारले होते, चौघं पुण्याला कंपनीत होते, एकाचा साखरेनं पाय कापला होता. पहिलं नाव धर्मा आंबींचं. नऊ वर्षांपूर्वीच्या पुरात नगरपरिषदेच्या रोजंदारीवर असताना, चौदा माणसं काढून पंधराव्याला गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर वैजयंताला नोकरी लागली. म्हणजे त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या फाइलीत धर्मा आंबी मेले म्हणून मुलीला पगार, आणि खालच्या मजल्यावरच्या फाइलीत धर्मा आंबी धडधाकट, पोहायला तयार.

ती यादी गेली सात वर्षं वैजयंताच टाइप करत होती. वडिलांचं नाव खोडायला एक क्षण लागला असता. इतरांनी आळसानं ठेवलं, तिनं मायेनं ठेवलं. दरवर्षी मे महिन्यात ते नाव पहिल्या क्रमांकावर दिसलं की तिला बरं वाटायचं. याचा तिला पुढे इतका राग आला की तो तिला कुणावर काढता येईना.

होड्यांचं मात्र पाप वेगळ्याचं होतं. नगरपरिषदेच्या खऱ्या होड्या दोन, रबरी. एकीचं इंजिन दोन वर्षं दुरुस्तीला पडलं होतं. मागच्या मे महिन्यात मुख्याधिकारी नाडगौडा साहेबांनी तिला बोलावलं. साहेब मवाळ बोलणारे, कुणालाही अरे-तुरे न करणारे. 'आपत्तीसज्ज शहर' म्हणून राज्याचा पहिला क्रमांक मिळवायचा होता आणि होड्या कमी पडत होत्या.

"मॅडम, आंबी गल्लीत होड्या किती आहेत?"

"नऊ, साहेब. पण त्या शर्यतीच्या."

"होडीच आहे ना? पाण्यावर चालते ना?"

शर्यतीची होडी चाळीस फूट लांब आणि मांडी घालून बसायला जागा नाही एवढी अरुंद. दहा गडी एकामागे एक बसतात, वल्हं मारतात, आणि श्रावणातल्या शर्यतीत ती पाण्यावरून नुसती सुटते. त्यात अकरावा माणूस बसवायचा म्हटलं तर दहावा उतरवावा लागतो. पुराच्या आडव्या धारेत ती एका मिनिटात पालथी होते. हे आंबी गल्लीतल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. वैजयंतानं ते साहेबांना सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टाइप करा."

तिनं टाइप केलं. सोनघाटला पहिला क्रमांक मिळाला. ढाल आपत्ती कक्षातच, तिच्या टेबलाच्या मागे ठेवली होती.

आता तो मंगळवार. सकाळी नऊला लाल इशारा आला आणि आराखडा गोठला. हाही नियमच होता. पहिल्या वर्षी पाणी वाढायला लागल्याबरोबर प्रत्येक गावानं आपल्या होड्या घटवून दाखवल्या होत्या, पथक आपल्याकडे यावं म्हणून. तेव्हापासून इशारा लागल्यावर आकडा कमी करता येत नव्हता. होडी फुटली तर फुटलेल्या होडीचा फोटो टाकायचा, माणूस मेला तर मृत्यूच्या दाखल्याचा क्रमांक टाकायचा, एवढीच सोय.

एकुलती चालू रबरी होडी सकाळपासून सरकारी दवाखान्याकडे अडकली होती; तात्याच्या हिशेबात तर दोन्ही रबरी होड्या तिकडेच होत्या. दुपारी कुरण वस्तीचा प्रश्न आला. नदीच्या पलीकडच्या मळीत, काठच्या गाळाच्या रानात, उंचवट्यावर सतरा घरं, बासष्ट माणसं. तात्यानं सांगितलं की साडेपाच ते सहाच्या दरम्यान उंचवटा जाणार. आणि लगेच सांगितलं की काळजी नको, सोनघाटकडे होड्या भरपूर आहेत. होड्या क्रमांक ४, ५, ७ आणि ८ कुरणाकडे. तूट शून्य. जवळचं पथक क्रमांक तीन दुसऱ्या गावी रवाना.

कुरणातल्या प्रत्येक फोनवर मेसेज गेला, 'जागेवरच थांबा. होड्या निघाल्या आहेत.'

दोन पंचवीसला कक्षातला फोन वाजला. शालन कोळेकर नावाची बाई होती, कुरणातली.

"ताई, होडी येतीया म्हणून आलंय. खरं हाय का? न्हाईतर मळीच्या रस्त्यानं चालत निगतो आमी. पानी गुडग्याला हाय अजून. म्हातारं हाय घरात, सासरं, त्यास्नी पाठकुळी घ्याय लागंल."

वैजयंताच्या डोळ्यांपुढे अजून वडिलांचं नाव होतं. होड्यांचे क्रमांक तिनं नीट पाहिलेही नव्हते. सवयीनं, समोरच्या तक्त्यावर लिहिलेलं होतं तेच ती बोलली.

"होड्या निघाल्यात. जागेवरच थांबा, बाई."

"मग ऱ्हातो," शालन म्हणाली. आवाज सुटल्यासारखा झाला तिचा.

फोन ठेवल्यावर वैजयंतानं क्रमांक वाचले. चार म्हणजे हरणी. पाच, सात, आठ, सगळ्या शर्यतीच्या. तिनं उलटा फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, पुन्हा लावला. दोन पन्नासला लागला.

"शालनबाई, निघा तिथनं. आत्ताच्या आत्ता चालत निघा."

"आता कसलं चालत?" शालन म्हणाली. "कमरंच्या वर आलंय आन धार लई वडतीया. मगाशी सांगितलं असतं तर गेलो असतो की."

या वाक्यात आरोप नव्हता. तिनं जे होतं ते सांगितलं. पण वैजयंता खुर्चीतून उठली ती पुन्हा त्या खुर्चीत बसली नाही.

नाडगौडा साहेब आपल्या दालनात उभे होते, खिडकीपाशी.

"साहेब, त्या होड्या माणसं आणू शकत नाहीत. जिल्ह्याला कळवा."

"कळवून काय होणार? आकडा गोठलाय, मॅडम. तुम्हालाच नियम माहीत आहे."

"मी जिल्ह्याला फोन केला. ते म्हणतात, मुख्याधिकाऱ्यांनी लेखी दिलं की आराखड्यातली नोंद खोटी आहे, तर पथक हातानं वळवता येतं. एक ओळ लिहायची आहे. मी लिहून आणलीय, तुम्ही फक्त सही करा."

साहेबांनी कागद वाचला. घडी घातली. पुन्हा उलगडला.

"'खोटी' हा शब्द फार जड आहे."

"मग दुसरा घाला."

"शब्दाचं नाही हो. ही सही म्हणजे मी राज्याची फसवणूक केली असं मीच म्हणणं. उद्या माझी नोकरी जाईल, गुन्हा दाखल होईल. आणि टाइप कुणी केलंय? तुम्हीही सुटणार नाही."

"नका सुटू देऊ. सही करा."

"अजून अडीच तास आहेत. पाणी उतरूही शकतं. थोडं बघू या."

बघू या. माणूस मारायचा असेल तर सुरी लागत नाही, हे दोन शब्द पुरतात, आणि ते बोलणाऱ्याचे हातही स्वच्छ राहतात. वैजयंतानं टेबलावरचा कागद उचलला. साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहून तिला थुंकावंसं वाटलं. ती थुंकली नाही, कारण तोंड कोरडं पडलं होतं. कक्षातली नोंदी करायची टॅब्लेट पोटाशी धरून ती पळत घाटावर गेली.

घाटाच्या सोळा पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. वरच्या पायरीपाशी हरणी बांधलेली, आणि तिच्यात नऊ गडी बसलेले. दहावा पिराजी वल्हं घेऊन उभा. हरणीचा दोर ज्या खुंट्याला बांधला होता त्या खुंट्यावर वैजयंता-पिराजीची आई बसली होती. नवरा नदीत गेल्यावर तिनं पिराजीला शपथ घातली होती, पाण्यात पाय घालायचा नाही म्हणून. नऊ वर्षं त्यानं ती पाळली. मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकलं आणि श्रावणात शर्यत असली की शटर खाली ओढून आत बसायचा.

"आये, उठ," पिराजी म्हणत होता.

"माज्यावरनं जा," आई म्हणाली.

"पिऱ्या, उतर खाली," वैजयंता म्हणाली. "ही होडी कुरणापर्यंत पोचणार नाही. तुला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय. पण बाबांच्या नावानं हुकूम आलाय. त्यांच्या नावानं बोलावणं आलं आन त्यांचा पोरगा दुकानात बसला, असं गाव म्हननार? बासष्ट मानसं हाईत तितं."

"पोचला तर माणसं कुठं बसवणार? डोक्यावर?"

त्याला फक्त जायचं होतं. वैजयंताला एकदम कळलं की वडीलही असेच गेले असतील. त्या दिवशीही कुणाकडे तरी एखादा कागद असेल आणि त्यावर सगळं ठीक आहे असं लिहिलेलं असेल.

"बाबा गेलेत, पिऱ्या. थांब, सरकारला सांगते आधी."

तिनं टॅब्लेट उघडली. वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याचा क्रमांक तिला पाठ होता, अनुकंपाच्या अर्जावर तो पंधरा वेळा लिहिला होता. धर्मा रामा आंबी, मृत. बाकीच्या पाच नावांचे दाखले जन्म-मृत्यू नोंदीतून निघाले. सहा जणांना तिनं घाटावर उभं राहून, रडत न बसता, मारलं. पडद्यावर आकडा बदलला. पोहणारे सतरा. तूट शून्य.

"होड्या अकरा दिसताहेत तोवर काही होणार नाही," ती म्हणाली. "हा फुटलेल्या होडीचा फोटो मागतोय."

घाटावर गोपाळअण्णा उभे होते. होडी मंडळाचे कप्तान, याच गल्लीचे नगरसेवक. बारा वर्षं त्यांनी विषय क्रमांक सातला बाक वाजवलं होतं. हरणी त्यांनी आणि धर्मानं मिळून बांधली होती. सलग पाच वर्षं तिनं कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं.

"म्हंजे काय म्हनतीस तू?" अण्णांनी विचारलं.

"होड्या फोडायच्या, अण्णा. नऊच्या नऊ."

नऊ गडी अण्णांकडे बघायला लागले.

"तोंडानं सांग की त्याला," अण्णा म्हणाले. "शर्यतीच्या हाईत म्हनावं. मी नगरसेवक हाय, मी सांगतो."

"तोंडावर विश्वास नाही त्याचा. तुमच्या ठरावावर आहे. तुम्हीच कायम केलंय ते."

अण्णांचा चेहरा काळा पडला.

पिराजी होडीतून उतरला. नऊ गडीही उतरले, हरणी पायऱ्यांवर ओढून घेतली. कुणीतरी कुऱ्हाड आणली. पिराजीनं पहिला घाव घातला तो मध्यावर, जिथं बाबा बसायचे त्या फळीवर. भोक पडलं. वैजयंतानं फोटो टाकला. उत्तर आलं, 'नुकसान ३० टक्के. दुरुस्तीयोग्य. होडी गृहीत धरण्यात येत आहे.'

"काय म्हनतोय?" आईनं विचारलं.

"अजून चालंल म्हणतोय."

आई खुंट्यावरून उठली. तिनं पिराजीच्या हातातली कुऱ्हाड घेतली नाही, नुसतं म्हणाली, "मग नीट फोड की रं."

त्यांनी हरणीचे दोन तुकडे केले. पुढची, तिच्या पुढची, रांगेनं सगळ्या. ज्या होड्यांना चैत्रात तेल पाजलं होतं, ज्यांच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, बायकांनी कुंकू लावलं होतं, त्या त्याच हातांनी फोडल्या. कुणी शिव्या देत होतं, सरकारला, साहेबाला, तात्याला, वैजयंतालाही. तिसऱ्या होडीला अण्णांनी स्वतः कुऱ्हाड उचलली आणि दमेपर्यंत ती खाली ठेवली नाही. सहाव्या होडीला पडद्यावर तूट चौदा झाली. सातव्या होडीला तीस. नवव्या होडीला, तीन वाजून पन्नास मिनिटांनी, तूट बासष्ट. खाली नवी ओळ आली, 'पथक क्रमांक तीन सोनघाटकडे वळवले आहे. अपेक्षित वेळ ५:३०.'

खरं सांगण्यासाठी नऊ होड्या फोडाव्या लागल्या. एका सहीनं हेच तासभर आधी झालं असतं.

पथक पाच एकतीसला पोहोचलं. तात्याची वेळ चुकली नाही. माणसं छपरांवर होती. त्याआधी, पाचच्या सुमाराला, कडेच्या घराची मातीची भिंत विरघळली आणि छप्पर खाली आलं. शालन कोळेकरचे सासरे गेले, जाऊ गेली, जावेच्या दोन मुली गेल्या. शालन शेजारच्या छपरावर होती म्हणून राहिली.

चौकशी झाली. तीत निष्पन्न झालं की यंत्रणेनं उपलब्ध माहितीच्या आधारे अचूक निर्णय घेतला. नाडगौडा साहेबांनी परिस्थिती संयमानं हाताळली, असंही निष्पन्न झालं. वैजयंता आंबी यांनी शासकीय आराखड्यात नोंद असलेल्या नऊ होड्यांचं जाणीवपूर्वक नुकसान घडवून आणलं, हे मात्र सिद्ध झालं, फोटो तिनंच पाठवले होते. तिला निलंबित केलं. इशारा चालू असताना तिनं केलेल्या नोंदी अनधिकृत ठरल्या आणि आराखडा त्या सकाळी नऊ वाजता होता तसा पूर्ववत करण्यात आला. म्हणजे नऊ होड्या परत आल्या आणि धर्मा आंबी पुन्हा जिवंत झाले.

घरात बसून वैजयंताला दोन गोष्टी आठवायच्या. "मग ऱ्हातो" असं म्हणतानाचा शालनचा आवाज, आणि टाइप करतानाचा स्वतःच्या बोटांचा आवाज. साहेबावर चिडणं सोपं होतं, ते ती रोज करायची. डिसेंबरात ती पायी कुरणात गेली. शालननं तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. वैजयंतानं सगळं सांगितलं, वडिलांचं नाव का खोडलं नाही तेसुद्धा. शालननं रिकामा तांब्या आत नेऊन ठेवला आणि परत येऊन बसली.

"त्यो कागुद पुन्यांदा कवा काडत्यात?" तिनं विचारलं.

"मे महिन्यात."

"मला सांगा," शालन म्हणाली.

मे महिन्यातली सभा सकाळी अकराला सुरू झाली. वैजयंता निलंबित असल्यामुळे तिला कार्यालयात मज्जाव होता, पण प्रेक्षकांच्या बाकांवर बसायला कुणाचीच परवानगी लागत नाही. ती बसली. शेजारी आई, पिराजी, आंबी गल्लीतली तीस-चाळीस माणसं, आणि मागच्या भिंतीला टेकून कुरणातली मंडळी. नाडगौडा साहेब व्यासपीठावर होते. त्यांची पुढच्या आठवड्यात मोठ्या शहरात बदली व्हायची होती.

पहिले सहा विषय पाच मिनिटांत उरकले.

"विषय क्रमांक सात," कारकुनानं म्हटलं. "आपत्ती व्यवस्थापन आराखडा वाचून कायम करणे."

"वाचून कायम," कुणी तरी म्हणालं. दोन-चार बाकं वाजली.

गोपाळअण्णा उभे राहिले.

"वाचा," ते म्हणाले.

अध्यक्षांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अण्णा, एकशे चाळीस पानं आहेत."

"सदस्यानं मागितलं तर वाचून दाखवायचं, असा नियम हाय. बारा वर्सांत मी कधी मागितलं न्हाई. आज मागतोय. वाचा."

नाडगौडा साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली. तरुण कारकून वाचू लागला. खोल समुद्रात जाऊ नये या सूचनेला सभागृहात हशा पिकला, पण मागच्या बाकांवर कुणी हसलं नाही, आणि तो हशा लवकरच विरला. मग यादी आली.

"पट्टीचे पोहणारे. एक, श्री. धर्मा रामा आंबी."

आई उठली. पदर सारखा केला.

"माजा मालक हाय त्यो," ती म्हणाली. "धा वर्सं झाली आता. न्हाई त्यो."

कारकून थांबला. त्यानं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी टेबलाकडे. अण्णा म्हणाले, "खोड आन फुडं वाच."

दुसरं नाव आलं. मागून कुणी तरी म्हणालं, "पुण्यात असतोय, माझा भाऊ." तिसरं आलं. "वारला." चौथ्याला एक धट्टाकट्टा गडी उठून "हाय" म्हणाला आणि खाली बसला. होड्या आल्या तेव्हा पिराजी उठला आणि नऊ वेळा एकच सांगितलं, "शर्यतीची." दर वेळी कारकून थांबे, खोडे, पुढे वाची. सभागृहात पंखे फिरत होते. जेवणाची वेळ होऊन गेली, पण उठायचं कुणाला सुचेना. नाडगौडा साहेबांनी एकदा "थोडं बघू या" असं काहीसं पुटपुटून उठायचा प्रयत्न केला.

"बसा, साहेब," वैजयंता म्हणाली. ते बसले.

शहाऐंशीव्या पानावर कारकून आला.

"पूरप्रवण वस्त्या. कुरण वस्ती. घरे सतरा. लोकसंख्या बासष्ट."

मागच्या भिंतीपाशी शालन कोळेकर सरळ उभी राहिली.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली.

कारकुनानं कुणाकडेच पाहिलं नाही. त्यानं बासष्ट खोडलं, वर अठ्ठावन्न लिहिलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली.